कार्बोरेटरातले हिम

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मोटारीच्या इंजिनाविषयी बोलताना माणसे पेट्रोलाविषयी पुष्कळ बोलतात, ठिणगीविषयी त्याहून अधिक बोलतात. पण ज्या हवेवाचून त्या पेट्रोलाला आणि त्या ठिणगीला काडीचाही अर्थ उरत नाही, त्या हवेची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. वजनाच्या हिशेबाने पाहू जाता एक किलो पेट्रोल नीट जळण्यास पंधरा किलोंच्या आसपास हवा खर्ची पडते, म्हणजे एक लिटर पेट्रोलामागे सुमारे नऊ हजार लिटर हवा इंजिनाच्या पोटात जाते. ती हवा गार आहे की उष्ण, कोरडी आहे की दमट, कोणत्या बाजूने आत घेतली आणि आत जाताना कशाला स्पर्शून गेली, यावर मोटारीचा स्वभाव जितका अवलंबून असतो तितका तो नव्या प्लगांवर किंवा महागड्या तेलावरही नसतो, अशी माझी अनुभवांती खात्री झालेली आहे. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात, बक्स्टनच्या बाजूच्या डोंगराळ मुलखातील एका लहानशा गॅरेजात, माझ्या कारकिर्दीचा मोठा भाग गेला. तेथे ऑक्टोबर लागला की जुन्या मोटारी हिवाळ्यासाठी सज्ज करून घेण्याकरिता मालक येत, आणि त्या साऱ्या सज्जतेत हवेच्या वाटेचा बंदोबस्त हे काम मी सर्वांत जबाबदारीचे समजत आलो.

हा धंदा मी शिकलो तो मात्र कोल्हापुरास, उद्यमनगरात. तेथील आमचे सारे शास्त्र इंजिनातली उष्णता बाहेर कशी काढावी या एका चिंतेभोवती फिरत असे. आंबा घाट चढून आलेली अँबॅसडर वाफा टाकीत रस्त्याच्या कडेला उभी राहिली की रेडिएटरचे टोपण फडक्याने धरून जपून उघडावे. पंपातल्या पेट्रोलाची वाफ होऊन पुरवठा तुटला की पंपावर ओले फडके गुंडाळावे आणि ते वाळू लागले की पुन्हा भिजवावे. आणि पाण्याचा प्रवाह अडवणारा थर्मोस्टॅट तर गाडी पहिल्यांदा हाताखाली येताच काढून कपाटात ठेवून द्यावा, असा तेथला परिपाठ होता. आमचे वस्ताद हे सारे डोळे मिटून करीत. परंतु त्यांनी मला जी गोष्ट मनापासून शिकवली ती निराळीच होती. "आदी गाडी काय म्हणतीया ते ऐक, मग पान्याला हात लाव," असे ते म्हणत, आणि गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्या स्वतःच्या शब्दांत, मध्ये न तोडता, शेवटपर्यंत ऐकून घेत. या शिकवणुकीचे मोल मला परमुलखात कळले.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी मी इंग्लंडात रुजू झालो तेव्हा तेथील इंजिने मला परकी वाटली नाहीत. आपली अँबॅसडर ही मूळची काउलीच्या कारखान्यातली मॉरिस ऑक्सफर्ड, तिसऱ्या मालिकेतली. तिचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ज्या 'बी' घराण्यातले, त्याच घराण्यातले १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन एमजीबी या देखण्या गाडीत बसवलेले, आणि मॉरिस मायनर व मिनी यांची लहान इंजिने 'ए' घराण्यातली. चार सिलिंडरांना मिळून हवा आत घेण्याची दोनच दारे, आणि ती दारे व धूर बाहेर टाकण्याची दारे इंजिनाच्या एकाच अंगाला, ही रचना मला हाताच्या रेषांइतकी परिचित होती. एस्‌यू कार्बोरेटरही ओळखीचाच. त्यात हवेच्या वाटेवर एक पिस्टन आपल्या वजनाने खाली बसलेला असतो. इंजिन जितकी हवा ओढील तितका तो वर उचलला जातो, आणि त्याच्या बुडाशी असलेली निमुळती सुई जेटातून त्याच मानाने वर येऊन पेट्रोलाला वाट मोकळी करून देते. चोकसाठी यात वेगळी झडप नाही. चोक ओढला की जेटच खाली सरकते व सुईभोवतीची फट मोठी होते. इतक्या थोड्या सामग्रीत इतकी हुशारी क्वचितच कोणी साठवली असेल, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या स्किनर बंधूंनी हे यंत्र सिद्ध केले त्यांच्याविषयी मला आजही आदर वाटतो.

इंजिने ओळखीची होती, पण त्यांत शिरणारी हवा ओळखीची नव्हती. पहिल्याच शरद ऋतूत आमच्या गॅरेजच्या मुख्य मिस्त्र्याने मला एका मिनीच्या एअर फिल्टरचा गोल पत्र्याचा डबा सैल करून त्याची तोटी फिरवण्यास सांगितले. उन्हाळ्यात ती तोटी धुराच्या मॅनिफोल्डापासून दूर असावी आणि हिवाळ्यात त्याच्या अगदी लगत यावी, असे कंपनीच्या पुस्तकातच लिहिलेले होते. ज्या उष्णतेला हाकलून लावण्यात माझी उमेदवारी गेली, तीच उष्णता येथे मुद्दाम बोलावून घ्यायची, हे पाहून मला या कामाविषयी जे कुतूहल उत्पन्न झाले ते पुढे कधी ओसरले नाही.

त्यामागचे कारण असे. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने कार्बोरेटर गार होतो: द्रवाची वाफ होताना ती भोवतालची उष्णता शोषून घेते. जेटातून निघालेले पेट्रोल हवेत विखुरते व त्याची वाफ होते, आणि त्या व्यवहारात मिश्रणाचे तपमान वीस अंशांपर्यंत उतरू शकते. त्यात थ्रॉटलच्या अर्धवट उघड्या तबकडीपाशी दाब एकाएकी घटल्याने आणखी थोडी भर पडते. बाहेर पाच-सात अंश असतील तर तबकडीपाशी शून्याच्या पुष्कळ खाली जाण्याची तजवीज यंत्राने आपली आपणच करून ठेवलेली असते. हवेत ओलावा असला की तो तेथे धरतो, गोठतो, आणि आधीच अरुंद असलेली वाट हळूहळू बुजत जाते. वैमानिकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांत कार्बोरेटरला गरम हवा देण्यासाठी स्वतंत्र दांडी असते. मोटारचालकाला तशी दांडी नसते, आणि पुष्कळदा आपल्या गाडीत असे काही घडते याची वार्ताही नसते.

या प्रकरणाचा जो दाखला माझ्या मनात कायमचा राहिला तो एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या मॉरिस मायनरचा. अॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी १९४८ साली बाजारात आली; बाईंची गाडी १९६२ नंतरची, १०९८ घनसेंटिमीटर इंजिनाची होती. बक्स्टनहून मॅकल्सफील्डकडे जाणारा रस्ता ५१५ मीटर उंचीवरील कॅट अँड फिडल नावाच्या जुन्या पांथशाळेवरून जातो, आणि त्या पांथशाळेच्याच नावाने तो ओळखला जातो. झाडी नाही, आडोसा नाही, दोन्ही बाजूंना ओसाड माळ आणि वर्षातले कित्येक दिवस ढगच जमिनीला टेकलेले, असा तो मुलूख. बाई त्या रस्त्याने आपल्या बहिणीकडे जात, आणि नोव्हेंबरच्या सकाळी गाडी नेमकी माथा ओलांडल्यावर बंद पडे. दहा मिनिटे थांबले की ती जणू काही झालेच नाही अशी सुरू होई. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी इग्निशन कॉइल, कंडेन्सर आणि पेट्रोलपंप असे एकामागून एक बदलून झाले होते. खर्च झाला, पण तक्रार जागच्या जागी राहिली.

मी त्यांना कैफियत पहिल्यापासून सांगण्यास विनवले. त्या बोलल्या त्यात तीन गोष्टी माझ्या कानाने टिपल्या. गाडी चढावर, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना बंद पडत नाही, माथ्यावर पाय उचलला की पडते. बंद पडण्यापूर्वी दोन-तीन मैल तिचा जोर मंद होत जातो आणि धुराला पेट्रोलाचा वास येतो. आणि कडाक्याच्या थंडीत, जेव्हा रस्त्यावर बर्फ असते तेव्हा, ती मुळीच बंद पडत नाही. कॉइल बिघडली असती तर तिने ऋतू पाहिला नसता. पंप कमी पडला असता तर सर्वाधिक पेट्रोल लागते त्या चढावरच गाडीने मान टाकली असती. उरली ती हवा.

पण तर्क आणि पुरावा यांत अंतर असते, आणि या व्याधीचा पुरावा तर दहा मिनिटांत नाहीसा होतो. कारण मायनरच्या इंजिनात कार्बोरेटर धुराच्या मॅनिफोल्डाच्या अंगालाच असल्याने, इंजिन थांबले व आत येणारी गार हवा बंद झाली की खालची उष्णता वर चढून हिम वितळवून टाकते. म्हणून एका दाट धुक्याच्या सकाळी मी बाईंच्या शेजारी बसून निघालो. तपमान पाचेक अंश असावे; काचेवरचे पाणी पुसणारे वायपर पाऊस नसतानाही सतत चालू ठेवावे लागत होते. माथा आला, त्यांनी पाय उचलला, इंजिन दोनदा अडखळले आणि शांत झाले. गाडी गवताळ कडेला घेताच मी बॉनेट उघडून फिल्टरचा डबा उतरवला. कार्बोरेटरच्या ॲल्युमिनियमच्या अंगावर बाहेरून पांढरट दहिवर आलेले होते. बोटाने पिस्टन उचलू गेलो तो तो आधी चिकटून बसला आणि मग बारीक कर्र आवाज करून सुटला. आत विजेरीचा झोत टाकला तेव्हा जेटाभोवतालच्या पितळी कडेपासून थ्रॉटलच्या तबकडीपर्यंत दाणेदार शुभ्र हिमाचा थर दिसला. तबकडीच्या काठाशी तर त्याचे पूर्ण वर्तुळ झाले होते, आणि इंजिन संथ चालताना ज्या केसाएवढ्या फटीतून श्वास घेते ती फट त्या वर्तुळाने लिंपून टाकली होती. मी बाईंना बोलावून ते दाखवले. आम्ही पाहत असतानाच कडा पारदर्शक झाल्या, एक थेंब ओघळला, आणि थोड्याच वेळात तेथे ओल्या धातूखेरीज काही उरले नाही.

बाईंनी सारी हयात मुलांना भूगोल शिकवला होता, आणि त्यांनी लगेच जो प्रश्न केला तो एखाद्या जाणत्या मिस्त्र्यालाही भूषणावह ठरावा असा होता. "मग जानेवारीत, याहून कितीतरी कडक थंडीत, ही का थांबत नाही?"

या प्रश्नाच्या उत्तरातच या विषयाचे सारे मर्म आहे. हवा जितकी गार तितकी तिची पाणी धरून ठेवण्याची शक्ती कमी. दहा अंशांना एक घनमीटर हवेत साडेनऊ ग्रॅमच्या जवळपास बाष्प मावते, पाच अंशांना सात ग्रॅमच्या आतबाहेर, शून्याला पाच ग्रॅमही नाही, आणि उणे वीस अंशांना जेमतेम एक ग्रॅम. लहान इंजिन घाट चढताना मिनिटाला जवळजवळ एक घनमीटर हवा ओढते. म्हणजे पाच अंशांच्या धुक्यात दर मिनिटाला चहाच्या चमच्याहून अधिक पाणी कार्बोरेटरातून जात असते, आणि त्यातला थोडा अंश जरी गोठला तरी काही मैलांत वाट बुजण्यास तो पुरेसा होतो. कडक थंडीत गोठवण्याचे सामर्थ्य असते, पण गोठायला पाणी नसते. आणि जे थोडे असते ते पुष्कळदा आधीच कोरड्या हिमकणांच्या रूपात असल्याने न चिकटता आत निघून जाते. म्हणून मोटारीच्या श्वासमार्गाला बर्फाच्या दिवसांपेक्षा धुक्याच्या दिवसांचे भय अधिक. हिवाळ्याची तयारी म्हणजे थंडीशी झुंज, असे समजून जो रेडिएटर झाकतो आणि जाड ब्लँकेटे घालतो, त्याचे श्रम वाया जातात असे नाही. पण खरा शत्रू ओलावा आहे हे त्याला कळलेले नसते.

पुढे १९८२ साली १० जानेवारीस श्रॉपशर परगण्यातील न्यूपोर्ट येथे उणे २६.१ अंश एवढे तपमान नोंदले गेले, आणि इंग्लंडच्या दप्तरी तो नीचांक आजही कायम आहे. त्या आठवड्यात आमच्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. मेलेल्या बॅटऱ्या, फुटलेले पाण्याचे पाइप, मेण धरून घट्ट झालेले डिझेल, गोठलेली कुलुपे, सर्व प्रकारची फिर्याद आली. पण कार्बोरेटरात हिम धरल्याची तक्रार घेऊन आलेला मनुष्य मला आठवत नाही. तीच तक्रार त्याआधीच्या व त्यानंतरच्या प्रत्येक नोव्हेंबरात, आठ-दहा अंशांच्या सौम्य म्हणाव्या अशा दिवसांत, हटकून आली.

आता प्रत्यक्ष इलाजाविषयी. बाईंच्या गाडीच्या डब्याची तोटी उन्हाळ्याच्या जागेवरच, रेडिएटरकडे तोंड करून राहिलेली होती. ती फिरवून मॅनिफोल्डालगत आणली, आणि सखल भागातल्या गाडीला एवढे पुष्कळदा पुरते. परंतु त्या माथ्यावर समोरून येणारा वारा बॉनेटखालची ऊब धरू देत नसल्याने मी एक पाऊल पुढे गेलो, आणि हे काम मला इतके आवडे की त्याचा तपशील येथे दिल्यावाचून राहवत नाही. पातळ पोलादी पत्र्याचे एक कवच मी मॅनिफोल्डाच्या आकाराप्रमाणे ठोकून घडवले, असे की धातू आणि पत्रा यांच्यामध्ये करंगळीच्या निम्म्या जाडीइतकी पोकळी राहावी आणि हवा त्या पोकळीतून खालून वर, तापत तापत यावी. कवच मॅनिफोल्डाच्याच बोल्टांखाली धरले म्हणजे नवे भोक पाडावे लागत नाही, आणि उद्या कोणाला गाडी मूळ रूपात हवी झाली तर ते निमूटपणे उतरवता येते. जुन्या वस्तूवर काम करताना ही मर्यादा मी नेहमी पाळली. कवचाच्या वरच्या तोंडापासून फिल्टरच्या तोटीपर्यंत उष्णता सोसणारी लवचिक नळी नेली. तोटीत तापमापक धरून पाहता, इंजिन तापल्यावर आत जाणारी हवा तीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान राहू लागली. याहून अधिक तापवण्यात लाभ नाही. हवा विरळ होते, जोर घटतो, आणि चढावर इंजिन ठोकू लागते.

या कामात दोन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. मॅनिफोल्डाचे गॅस्केट कोठे फुंकत असेल तर तोच धूर कवचातून पुन्हा इंजिनाच्या नाकात जातो, मिश्रण बिघडते आणि प्लग काळे पडतात. तेव्हा कवच चढवण्यापूर्वी जोडावर साबणाचे पाणी लावून, इंजिन थंडगार असतानाच सुरू करून, बुडबुडे येतात का हे पाहावे. दुसरे असे की फ्लोट चेंबर भरून वाहिले तर जादा पेट्रोल ज्या बारीक नळीने खाली जाते, तिचे तोंड तप्त धातूपासून दूर आणि कवचाच्या बाहेरच असले पाहिजे. या नळीकडे दुर्लक्ष करून कोणी गरम हवेची सोय करून घेतली असेल तर ती तोडून टाकावी, इतके माझे मत कठोर आहे. कारण तेथे प्रश्न सोयीचा नसून आगीचा असतो.

हवेची वाट ठरली की मगच मिश्रणाला हात घालावा, आधी नव्हे. तीस अंशांची हवा शून्यावर आली की तिची घनता अकरा टक्क्यांनी वाढते. इंजिन तेवढ्याच पोटात अधिक प्राणवायू घेते, पण एस्‌यू कार्बोरेटरातले पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही, आणि मिश्रण सुमारे पाच टक्क्यांनी वीक, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, होते. हिवाळ्यात पुष्कळजण याच कारणासाठी जेटाचे नट फिरवून पेट्रोल वाढवून घेतात. परंतु गरम हवेची सोय केलेल्या गाडीत ही वाढ अंगावर येते, कारण तापल्यावर ती हवा पुन्हा उन्हाळ्यासारखी होते. म्हणून इंजिन पूर्ण तापवून, फिल्टर आणि नळी जागच्या जागी बसवूनच मिश्रण जुळवावे असा माझा दंडक होता. पिस्टनखालची खीळ एक मिलिमीटरच्या आत वर उचलावी. इंजिनाचा वेग चढून चढलेलाच राहिला तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, आहे. लगेच पडला तर वीक. आणि किंचित चढून पुन्हा मूळ पदावर स्थिरावला तर ते बरोबर आहे. नट फिरवायचा तो षट्कोनाची एकेक बाजू, आणि प्रत्येक वेळी इंजिनाला बोलायला अवकाश देऊन. या घटकेस गॅरेजातला रेडिओ बंद करावयास मी सर्वांना सांगत असे.

पिस्टनच्या माथ्यावरील डॅम्परात जे वंगण असते तेही ऋतूप्रमाणे तपासावे लागते. एसएई २० प्रतीचे पातळ तेल तेथे योग्य. कोणी इंजिनातलेच जाड तेल ओतून ठेवलेले असले तर गार सकाळी पिस्टन आळसाने उठतो, आणि पाय दाबताच गाडी पेट्रोल पिऊन गुदमरते. थर्मोस्टॅटच्या बाबतीत तर माझ्या कोल्हापूरच्या शिस्तीच्या अगदी उलट हुकूम: उष्ण देशासाठी ७४ अंशांचा, एरवीचा ८२ अंशांचा, आणि हिवाळ्यास ८८ अंशांचा बसवावा. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन डर्बीशरच्या जानेवारीत कधी तापतच नाही. आत शिरलेले पेट्रोल मॅनिफोल्डाच्या गार भिंतींवर थेंब धरून राहते, सिलिंडरांवरचे तेल धुऊन काढते, आणि तेल भरण्याच्या टोपणाखाली पिवळसर मळी साचते.

मिनीविषयी एक सूचना अवश्य करावीशी वाटते, कारण तिच्याबाबतीत निदान चुकण्याचा संभव फार. मिनीचे इंजिन आडवे असल्याने डिस्ट्रिब्यूटर समोरच्या जाळीमागेच येतो, आणि पावसाचे तुषार थेट त्याच्यावर बसतात. ओल्या दिवशी मिनी बंद पडली की दोष ठिणगीचा की हिमाचा हे ठरवण्यासाठी एवढेच विचारावे: मरण एकाएकी आले की हळूहळू? पाण्याने ठिणगी गेली तर इंजिन झटके देत तुटक थांबते. हिमाने गळा दाबला तर ते मैलोगणती क्षीण होत जाते.

फोक्सवॅगन बीटलची गोष्ट निराळी. तिचे इंजिन पाण्यावाचून चालणारे, मागे बसवलेले, आणि कार्बोरेटरपासून सिलिंडरांपर्यंत मिश्रण नेणारी नळी लांबलचक. ती नळी गारठू नये म्हणून रचनाकारांनी तिच्या अंगाला लावून एक दुसरी नळी नेली व तिच्यातून सायलेन्सरकडचा तप्त धूर खेळवला. वर्षानुवर्षांच्या काजळीने ही धुराची नळी आतून बंद होते, बाहेरून मात्र निर्दोष दिसते. इंजिन सुरू करून थोड्या वेळाने तिच्या दोन्ही टोकांना बोट लावून पाहावे. दोन्ही चटका देत असतील तर ठीक, एकच तापले तर ती तुंबली आहे. अशा एका बीटलचे झाकण मी आठ अंश तपमानाच्या दुपारी उघडले, तेव्हा कार्बोरेटरखालची सबंध नळी बोटभर जाड हिमाने पांढरी झालेली दिसली, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर सिलिंडरांची डोकी हात लावू न देण्याइतकी तापलेली होती. जुन्या पोलादी केबलचे टोक उसवून, ते ड्रिलच्या तोंडाला लावून, बाहेरून नळीला आच देत देत ती काजळी काढावी लागली. काम कंटाळवाणे खरे, पण त्याला पर्याय नाही. त्या गाडीत दुसरा कोणताही उपाय ही नळी मोकळी केल्याशिवाय लागू पडत नाही.

अलीकडे जुन्या मोटारींना पुन्हा मान आला आहे, आणि त्याबरोबर एक चाल रूढ झाली आहे, तिच्याविषयी मला खेद वाटतो. मूळचा पत्र्याचा डबा काढून टाकून त्याजागी चकचकीत उघडे फिल्टर बसवतात. ते दिसतात सुरेख, आणि कोरड्या उन्हाळ्यात भर वेगाने जाताना त्यांचा थोडा फायदा होतही असेल. परंतु त्या डब्याबरोबर तोटी जाते, तोटीबरोबर ऊब जाते, आणि ज्यांनी हे इंजिन आखले त्यांनी हवेच्या बाबतीत केलेला सारा विचार कचऱ्यात जातो. माझ्याकडे अशी गाडी आली की मी मालकाला पहिला प्रश्न जुना डबा घरी आहे का, हाच करतो. पुष्कळदा तो माळ्यावर किंवा कोठारात सापडतो, आणि तो घासून रंगवून पुन्हा चढवण्यात मला नवा भाग बसवण्यापेक्षा अधिक समाधान मिळते.

सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनच्या साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागले आहे, आणि त्याने हा जुना प्रश्न पुन्हा ताजा केला आहे. इथेनॉलाची वाफ होताना ते पेट्रोलाच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते; शिवाय त्यात प्राणवायू आधीच असल्याने मिश्रण थोडे वीकही होते. म्हणजे कार्बोरेटर पूर्वीपेक्षा अधिक गार पडावा आणि इंजिन पूर्वीपेक्षा लवकर अडखळावे, ही दोन्ही कारणे एकाच टाकीत एकत्र आली. ज्यांच्या गाड्या डोंगरात राहतात त्यांनी पाच टक्क्यांचे, महाग असले तरी, वरच्या प्रतीचे पेट्रोल घ्यावे, जुन्या रबरी नळ्या बदलून घ्याव्या, आणि तोटी ऑक्टोबरच्या आरंभीच फिरवून घ्यावी, असे माझे सांगणे असते.

आणि एप्रिल संपत आला की ती आठवणीने परत फिरवावी. हिवाळ्याची व्यवस्था उन्हाळ्यात तशीच राहिली तर गाडी जड चालते, पेट्रोल अधिक खाते, आणि मालक भलत्याच दुरुस्तीच्या मागे लागतो. म्हणून हिवाळ्याचे काम करून दिलेल्या प्रत्येक गाडीच्या चोकच्या मुठीला मी एक पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीने बांधून देत असे, आणि तिच्यावर तोटी कोणत्या दिशेला आहे, मिश्रण कोणत्या हवेत जुळवले, थर्मोस्टॅट कितीचा आहे, आणि हे सारे केव्हा बदलायचे, एवढा मजकूर ठळक अक्षरांत लिहिलेला असे. बाईंच्या मायनरची चिठ्ठी दर वसंतात गाडीबरोबर माझ्याकडे परत येई, आणि तिच्या पाठीवर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरांत धुक्याचे दिवस आणि त्या त्या दिवशीचे तपमान टिपून ठेवलेले असे.